घरच्या रीफ टाकीत ट्रिगर फिश: आधी तोंड बघा, मग रंग

दुकानात शिरलं की काळ्या अंगावर मोठाले पांढरे ठिपके आणि पिवळेधमक ओठ असलेला एक मासा आपल्याकडेच बघत असतो. दोन डोळे दोन दिशांना फिरवत. तो क्लाउन ट्रिगर. नवख्या माणसाचं मन पहिल्याच भेटीत त्याच्यावर जातं, माझंही गेलं होतं. तो मी घरी आणला नाही यात माझं काही शहाणपण नाही. मी भाव विचारत होतो तेवढ्यात दुकानदाराने त्याच्या टाकीत एक तिसरी (शिंपला) टाकली आणि त्याने ती अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी कट्कन फोडली. "तुम्ही ह्याच्याबरोबर कोळंबी ठेवणार होतात ना?" एवढंच दुकानदार म्हणाला.

रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ट्रिगर ठेवता येतो का, या प्रश्नाचं उत्तर त्या आवाजात आहे. ठेवता येतो, पण सगळे नाही. या कुळात साधारण ४० जाती आहेत आणि घरच्या रीफमध्ये निभावतील अशा त्यातल्या चार-पाच. म्हणून नेहमीचा क्रम उलटा करा: टाकी घेऊन मासा शोधू नका, मासा ठरवून टाकी बांधा.

हा मासा मुळात कसा आहे

पाठीवर पुढे एक जाड काटा असतो. तो उभा राहिला की मागचा छोटा काटा त्याला खिटीसारखा अडकतो. मग पुढचा काटा कितीही दाबा, खाली बसत नाही. मागचा दाबला तरच सुटतो. बंदुकीच्या घोड्यासारखी ही रचना, म्हणून नाव ट्रिगर. रात्री तो कपारीत शिरतो, काटा उभारून स्वतःला घट्ट अडकवून घेतो आणि झोपतो. बाहेरून कुणी ओढून काढू शकत नाही.

जबड्यात वरखाली आठ-आठ दात पुढच्या रांगेत, आणि वरच्या जबड्यात त्यांच्या मागे आणखी सहा. एवढ्याशा तोंडाला हे जरा जास्तच वाटतं. पण समुद्रात बऱ्याच जाती खेकडे, शंख आणि काटेरी अर्चिन खाऊन जगतात. वाळूवर तोंडाने पाण्याचा झोत मारायचा, वाळू उडवायची, खाली लपलेलं उघडं पाडायचं, ही त्यांची रोजची मजुरी. काच लावली म्हणून ही सवय सुटत नाही. टाकीतली वाळू इकडची तिकडे होणारच.

पोहण्याची तऱ्हाही न्यारी. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर लाटेसारखा हलवत तो तरंगतो, शेपूट फक्त पळ काढताना वापरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं माशाला शेपटीची काही दुखापत आहे. नाही.

कोणता घ्यावा

नवख्यांना मी एकच नाव सांगतो: ब्लूथ्रोट, काही दुकानांत ब्लूजॉ. शास्त्रीय नाव झँथिक्थिस ऑरोमार्जिनाटस. हिंदी महासागरातल्या आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हवाईपर्यंत सापडतो, आणि बहुतेक वेळा खोल उतारांवर, उघड्या पाण्यात. तिथे तो वाहत येणारे कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव टिपून खातो. खडक पोखरत बसणं हा त्याचा पिंडच नाही, म्हणून रीफला तो मानवतो. नराचा गळा निळा असतो आणि परांच्या कडा पिवळ्या. मादीला तो निळा डाग नसतो. टाकीत वीस-बावीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. नर-मादी जोडीने राहतात, एका नराबरोबर दोन माद्याही चालतात. दोन नर मात्र एका टाकीत नकोत.

त्याचाच भाऊ क्रॉसहॅच. अंगावर जाळीची नक्षी, नराची शेपूट लालसर, स्वभाव तसाच. किंमत ऐकून खुर्चीत बसावं लागतं, एवढंच. पहिला ट्रिगर म्हणून हा घेऊ नका. चुका स्वस्तात शिकाव्यात.

नायजर ट्रिगर सगळीकडे मिळतो, स्वस्त असतो आणि दिसायला सुंदर: निळा-जांभळा, चंद्रकोरीसारखी शेपूट आणि दात चक्क लाल. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांतही तो भरपूर येतो. केरळात त्याला क्लात्ती म्हणतात. लहानपणी इतका भित्रा असतो की कपारीतून फक्त शेपटीची दोन टोकं दिसतात. ती टोकं बघून लोक म्हणतात, गरीब आहे बिचारा. दोन-तीन वर्षांनी तोच फूटभर होतो आणि सगळ्या टाकीचा दादा बनतो. प्रवाळांना तो सहसा हात लावत नाही, पण कोळंबी आणि लहान शंखांची शाश्वती देऊ नका. मोठी टाकी असेल आणि कोळंबीचा मोह नसेल तरच नायजर.

पिंकटेल आणि इंडियन ब्लॅक हे मेलिक्थिस गटातले दोघे मधल्या फळीत बसतात. कुणाकडे वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहतात, कुणाकडे एका रात्रीत सगळे हर्मिट खेकडे फस्त. ज्याचं त्याचं नशीब.

आता नाही म्हणायची यादी. क्लाउन, क्वीन, टायटन, अनड्युलेटेड आणि पिकासो. टायटन समुद्रात पाऊण मीटरपर्यंत वाढतो आणि घरट्याजवळ आलेल्या पाणबुड्यांवर धावून जातो. अनड्युलेटेड हिरव्या अंगावर केशरी रेघांचा, देखणा आणि भयंकर भांडकुदळ. त्याला एकट्यालाच वेगळी टाकी हवी. पिकासोचा सख्खा चुलत भाऊ हवाई राज्याचा राज्य मासा आहे, हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ असं त्याचं तिथलं नाव. मुलांना पाठ करायला द्या, टाकीत आणू नका.

टाकी आणि जमीन

एका ब्लूथ्रोटसाठी पाच फूट लांबीची टाकी ही कमीत कमी मर्यादा, जोडीसाठी सहा फूट. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हा मासा आडवा फिरतो. "आत्ता चार फुटी घेतो, मासा मोठा झाला की टाकी बदलतो" असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. टाकी बदललेला एकही नाही.

सहा बाय दोन बाय दोन फूट म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर धरले तर सुमारे ६८० लिटर. नुसतं पाणीच ६८० किलो. त्यात १२ मिलिमीटरची काच, खडक, वाळू, स्टँड आणि खालचा संप (उपकरणं ठेवायची जोडटाकी) मिळवा, एकूण वजन हजार किलोच्या आसपास जातं. घराच्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने बांधतात, आणि तुमची टाकी उभी राहणार जेमतेम एक चौरस मीटर जागेवर. याचा अर्थ टाकी ठेवताच येत नाही असा नाही. वजन आजूबाजूला वाटलं जातं. पण ती हॉलच्या मधोमध नको, बीमजवळच्या भिंतीला समांतर हवी, आणि जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच. त्याची फी टाकीच्या खर्चात चिल्लर आहे.

टाकीला झाकण हवंच. ब्लूथ्रोट दचकला की उडी मारतो, आणि तो दचकायला अचानक लावलेला दिवाही पुरतो. काचेचं झाकण उष्णता कोंडतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणलेली बारीक जाळी चांगली. खिडकीला डासांची जाळी बसवणारा माणूस हे काम तासाभरात करून देतो.

हीटर, तापमानाचे सेन्सर, जे जे वायरवालं आहे ते सगळं खालच्या संपमध्ये टाका. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या नायजरने एका रात्री हीटरची वायर चावली होती. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवलेला होता, तो पडला, म्हणून मासाही वाचला आणि सकाळी टाकीत हात घालणारा मीही. तो आरसीसीबी तुमच्या टाकीच्या लाइनवर नसेल तर वायरमनला आधी बोलवा, मासे नंतर आणा.

खडक आणि वाळू

खडक सरळ तळाच्या काचेवर रचा, वाळू नंतर भरा. वाळूवर खडक ठेवले आणि ट्रिगरने खालून वाळू उडवली की अख्खी रचना घसरते. खडक आणि काचेच्या मधे धक्का शोषणारी पातळ प्लॅस्टिकची शीट घातली तर उत्तम. खडक एकमेकांना इपॉक्सीने किंवा रीफसाठीच्या सिमेंटने चिकटवा. नुसते एकावर एक ठेवलेले सुटे तुकडे हा मासा तोंडात धरून हलवतो.

रचना करताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. मधे पोहायला मोकळी जागा, आणि प्रत्येक ट्रिगरसाठी झोपायच्या किमान दोन कपारी. कपार आरपार असावी, दोन्हीकडून पाणी खेळतं राहावं. वाळू अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीचा एक प्रकार), दोन-तीन सेंटिमीटर पुरे. चौपाटीवरची वाळू किंवा बांधकामाची रेती नको.

इथे कायद्याचं बोलायलाच हवं, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ येतात. काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही त्यात आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. तिथून आठवण म्हणून उचललेला मेलेला तुकडाही गुन्ह्यात बसतो. म्हणून खडक घ्यायचा तो कृत्रिम, सिरॅमिक किंवा सिमेंटचा, आणि पक्क्या बिलाने. जिवंत काही लावायचं तर मशरूम आणि झोअँथिड हे कठीण सांगाडा नसलेले प्रवाळ पुरेसे रंगीत असतात, वाढायलाही सोपे, आणि ट्रिगरच्या धसमुसळेपणाला पुरून उरतात. मात्र झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. हातमोजे घातल्याशिवाय त्यांना कापू नका, आणि ते चिकटलेला खडक कधीही गरम पाण्यात उकळू नका. त्या वाफेने अख्खं घर आजारी पडल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत.

पाणी

"समुद्र दहा मिनिटांवर आहे, कॅन भरून आणू की!" हा प्रश्न मुंबईच्या प्रत्येक नवख्याने विचारलेला असतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी आहे, तेल आहे, आणि पावसाळ्यात खाडीमुखाशी क्षारता इतकी घसरते की ते अर्धं गोडंच असतं. पाणी घरी बनवा.

त्यासाठी आरओ आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय काडतूस. स्वयंपाकघरातलं आरओ यंत्र इथे चालत नाही. चवीसाठी त्यातून थोडे क्षार मुद्दाम परत सोडलेले असतात. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य दाखवतो ते पाणी घ्यायचं. त्यात समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे थोडं कमीजास्त. पंप लावून रात्रभर फिरू द्यायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचं. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवा.

तापमान २५ ते २६ अंश. आता महाराष्ट्राची गोष्ट. एप्रिलमध्ये बंद खोलीतली टाकी सहज ३१-३२ वर जाते. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा फिरवला तरी दोन-तीन अंश उतरतात, कारण बाष्पीभवन जोरात होतं. मुंबई, ठाणे, रत्नागिरीला हवेतच इतकी आर्द्रता की पंखा नुसता वारा घालतो. कोकणपट्टीत चिलर हा चैनीचा भाग नाही, त्याच्याशिवाय सुरुवातच करू नका. चिलर गरम हवा बाहेर टाकतो, त्यामुळे तो टाकीखालच्या बंद कपाटात कोंडू नका.

उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या डीआय पाण्याने, मिठाच्या नाही. ही भर आपोआप घालणारा ऑटो टॉप-ऑफ बसवला की ही कटकट संपते.

बाकीचे आकडे: पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, नायट्रेट १० ते २० पीपीएमच्या आत. आकडा परिपूर्ण असण्यापेक्षा तो आठवडाभर हलला नाही याला जास्त मोल.

सहा आठवडे रिकामी टाकी

टाकी भरली, पंप सुरू झाला, दिवे लागले. आता काहीच करायचं नाही. खडकात जीवाणूंची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्राइटचं नायट्रेट. त्यांना खाद्य म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या आणि टेस्ट किटने बघत राहा. दोन पीपीएम घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं झालं की टाकी तयार. "दोन-चार डॅमसेल सोडा, ते सायकल करतात" म्हणजे डॅमसेल जातीचे मासे सोडून ही जीवाणूंची वस्ती बसवा, हा जुना सल्ला अजून फिरतो. मासे अमोनियात भाजून काढायचे आणि वर तेच भांडखोर डॅमसेल कायमचे टाकीत राहणार, दुहेरी नुकसान.

रिकामी टाकी बघून पाहुणे विचारतात, मासे मेले का? हो म्हणायचं आणि चहा द्यायचा.

आधी कोण, शेवटी कोण

क्रम असा: शंख आणि सफाई करणारी कोळंबी पहिल्यांदा, मग शांत मासे, शेवटी ट्रिगर. कोळंबी टाकीत आधीपासून वावरत असेल तर नवा आलेला ब्लूथ्रोट तिला घरातलं सामान समजतो. तोच स्थिरावल्यावर वरून नवी कोळंबी सोडली तर ती त्याच्या मते जेवण. माझ्या दोन क्लीनर कोळंब्या ब्लूथ्रोटबरोबर तीन वर्षं राहिल्या. तिसरी मी नंतर सोडली, ती तळाला पोचलीच नाही.

सोबत क्लाउनफिश, टँग, फॉक्सफेस आणि जरा अंगापेराने मोठे रॅस चालतात. फायरफिशसारखे बुजरे मासे घाबरून कोपऱ्यात बसतात, म्हणून नकोत. शंख घ्यायचे तर मोठे टर्बो आणि ट्रोकस. अर्चिन, तारामासे, पंखवाले नळीकृमी यांचा नाद सोडा.

दुकानात काय बघायचं

मासा तुमच्यासमोर खातो का, हे पहिलं. खाताना दाखवायला दुकानदार तयार नसेल तर निघा. पोट आत गेलेलं नसावं, डोक्यामागची पाठ धारदार दिसू नये. श्वास संथ हवा. डोळे स्वच्छ, परांवर पांढरी बुरशी नाही. आकार आठ-दहा सेंटिमीटर बरा. अगदी लहान मासा प्रवासाच्या उपासाने खचलेला असतो, पूर्ण वाढलेला नव्या जागेत बिथरतो.

जाळीने पकडू देऊ नका. काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा नाहीतर जाळी फाटते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्याने उचलायला सांगा. पिशवी दुहेरी हवी, कारण तोच काटा एकेरी पिशवीला भोक पाडतो. रिक्षात बसल्यावर पाय ओले झाल्याशिवाय हे कळत नाही.

क्वारंटीन: इथे घाई केलेले पस्तावले

नवा मासा आधी महिनाभर वेगळा ठेवायचा. त्यासाठी शंभरेक लिटरची साधी काचटाकी, स्पंज फिल्टर, गार्ड लावलेला हीटर आणि प्लंबरच्या दुकानातून आणलेले जाड पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. खडक-वाळू काही नाही, ते औषध शोषून घेतात. पाइपचं तोंड इतकं मोठं हवं की मासा आत वळू शकेल.

मासा लांबून, चार-सहा तास पिशवीत आला असेल तर थेंब-थेंब पाणी मिसळत तास घालवू नका. पिशवीत साठलेला अमोनिया झाकण उघडताच पीएच वाढून जास्त विषारी होतो. क्वारंटीनची क्षारता आधीच दुकानाच्या पाण्याइतकी करून ठेवा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि मासा उचलून थेट सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

ट्रिगर तांब्याचं औषध बऱ्यापैकी सोसतात. चिलेटेड (संयुगात बांधलेलं) तांबं तीन-चार दिवसांत हळूहळू २ ते २.५ पीपीएमवर न्यायचं आणि ३० दिवस तिथेच ठेवायचं. रोज मोजायचं, रंगपट्टीने नाही, डिजिटल कलरीमीटरने. बाटलीवरचं प्रमाण वाचून अंदाजाने ओतणं म्हणजे अंधारात तीर. याने पांढऱ्या ठिपक्यांचा इक आणि त्याहून जीवघेणा व्हेल्व्हेट, दोन्ही आटोक्यात येतात. इकचे ठिपके रव्याच्या कणांएवढे दिसतात. व्हेल्व्हेटमध्ये अंगावर पिठाची बारीक धूळ बसल्यासारखी दिसते, मासा धापा टाकतो, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. मुख्य टाकीत तांबं कधीही नाही. तिथले शंख, कोळंबी, मशरूम सगळे मरतील. आजार मुख्य टाकीत शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस माशांशिवाय चालवायची असा छंदिष्टांत रूढ नियम आहे. ७६ दिवस. क्वारंटीनचा एक महिना त्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

टाकीत प्रवेश

संध्याकाळी, दिवे घालवून. शक्य असेल तर पहिले तीन-चार दिवस मुख्य टाकीतच भोकं पाडलेल्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक डब्यात ठेवा. जुने मासे येऊन बघतात, फुरफुरतात, कंटाळतात. मग डबा उघडा.

नवा ब्लूथ्रोट पहिले काही दिवस कपारीत आडवा पडून राहू शकतो, रंगही फिकट. मेल्यासारखा. काठीने ढोसू नका, ओढून काढायचा तर विचारही नको, काटा मोडेल. श्वास चालू आहे ना एवढं बघा. भूक त्याला बाहेर आणते.

खाणं

कमी खाल्लेला ट्रिगर चावरा होतो, हे सूत्र लक्षात ठेवा. दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. ब्लूथ्रोट वाहतं खाणं टिपणारा आहे, त्यामुळे मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि बारीक चिरलेली कोळंबी पंपाच्या प्रवाहात सोडा. तळाला ढीग टाकू नका. चांगल्या प्रतीच्या गोळ्यांची सवयही लावा, तुम्ही गावाला गेलात की त्यांचाच आधार.

बाकीचं मासळी बाजारात मिळतं. कवचासकट कोळंबी, माकुलाचे तुकडे, आठवड्यातून दोनदा अर्धी उघडलेली तिसरी. ट्रिगरचे दात वाढत राहतात, ते झिजायला कवच लागतं. सगळं आधी काही दिवस फ्रीझरमध्ये गोठवा आणि स्वच्छ धुऊन द्या. आणि घरात सांगून ठेवा की तो डबा कुणाचा आहे. आमच्याकडे एकदा माशाच्या वाटणीची कोळंबी हळद-मीठ लावून आमच्याच ताटात आली होती.

इतकं खाणं म्हणजे तितकीच घाण. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) टाकीच्या आकाराहून एक माप मोठा घ्या. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. ६०० लिटरच्या टाकीला म्हणजे ६० लिटर, त्यासाठी सव्वादोन किलोच्या आसपास मीठ. हा खर्च आयुष्यभराचा आहे, मासा घेण्याआधी वर्षाचा हिशेब कागदावर मांडा. ब्लूथ्रोट नीट राहिला तर दहा वर्षंही सोबत करतो.

वीज गेली तर

टाकी थंड राहण्याआधी हलती राहायला हवी. चिलर दोन तास बंद पडला तर तापमान अंश-दीड अंश चढेल, मासा सोसेल. पाण्याची हालचाल थांबली तर इतक्या मोठ्या माशाला प्राणवायू अपुरा पडायला फार वेळ लागत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) जोडा. तो थोडीच वीज खातो आणि रात्रभर चालतो. शिवाय बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप, ज्यात वीज गेली की आपोआप सुरू व्हायची सोय असते, तो संपजवळ लटकवून ठेवा. दर महिन्याला प्लग काढून तो खरंच सुरू होतो का तपासा. माझा एकदा नव्हता झाला, सेल वितळून चिकटले होते. पाऊस सुरू व्हायच्या आधी सेल बदलायचे हे तेव्हापासून दिनदर्शिकेवर लिहिलेलं असतं, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, छत्र्या काढायच्या त्याच दिवशी.